शेजारच्या गावचे गुरुजी

दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात माझं ऑनलाइनचं दुकान आहे. बोर्डावर ‘आपले सरकार सेवा केंद्र’ असं मोठ्या अक्षरात लिहिलंय, पण गावात कोणी सेतू म्हणतं, कोणी कॅफे, आणि माझी आई नुसतं ‘झेरॉक्स’ म्हणते. “झेरॉक्स बंद करून जेवाले ये.” सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, केवायसी, लाइटबिल, पोट्ट्यांचे परीक्षेचे फॉर्म, सगळं सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत. वर्षात सुट्टी म्हणून चार-पाच दिवस मिळतात. त्यातले दोन यंदा भाऊबीजेनंतर मिळाले आणि आम्ही लोणार-शेगाव करून आलो.

हे लिहू का, असं आधी मोठीला विचारलं. मोठी म्हणजे माझी पोरगी, दहावीत आहे. तिनं दुकानातच कॉम्प्युटरवर सगळं वाचलं, दोन जागी खोडलं, आणि वाचायचे वीस रुपये घेतले. फॉर्म तपासणीचा दर बोर्डावर मीच लिहून ठेवलाय म्हणे.

गाडी साळ्याची. तो नागपूरला असतो. भाऊबीजेला आला आणि “भाऊजी, तीन दिवस ठेवा, माय कधीची लोणार म्हणते” असं म्हणून चावी देऊन मित्रासोबत परत गेला. माणूस देवासारखा, फक्त गाडीच्या बाबतीत थोडा हळवा. “ऐंशीच्या वर नका घेऊ” हे त्यानं दोनदा सांगितलं, आणि गेल्यावर मेसेजही टाकला.

सकाळी सहाला निघालो. मी, बायको, आई, मोठी आणि लहाना. आईच्या मांडीवर चिवड्याचा स्टीलचा डबा, लहान्याच्या हातात उलटीसाठी पॉलिथिन आणि लिंबू. कारंज्याला च्या घेतला, साळ्याला फोन करून ‘चढतो आता समृद्धीवर’ म्हणून सांगितलं, आणि चढलो. आईची ही पहिली वेळ. नागपूर ते शिर्डीचा ५२० किलोमीटरचा पट्टा डिसेंबर २०२२ मध्येच सुरू झाला, आमच्या घरापासून तासाभरावर आहे, पण आमच्याकडे मोटारसायकल, आणि तिला तिथं मज्जाव. आई बराच वेळ काचेतून पाहत राहिली आणि म्हणाली, “माणूस नाई, बैलबंडी नाई, कुत्रं नाई. चुकला तं रस्ता कोणाले इचारावं?”

ऐंशीचं काही जमलं नाही. तो रस्ताच तसा आहे, एकशेवीसची परवानगी आहे, आणि मागून येणारे भोंगे वाजवतात. शंभरेक किलोमीटर गेल्यावर मेहकरला उतरलो, टोलचा दांडा वर झाला, गाडी वळणावर येते न येते तोच साळ्याचा फोन.

“भाऊजी, मेहकरले उतरले वाटते?”

“हाव, आत्ताच.”

“सातले कारंज्याहून चढले ना? मग आठच्या आत मेहकर कसं आलं?”

मी काय बोलणार. फोन स्पीकरवर होता. आई म्हणाली, “त्याले कसं दिसलं रे?”

मग तिला काचेवरचा फास्टॅग दाखवला. या स्टिकरमध्ये चिप आहे, टोलवरचं यंत्र ती लांबूनच वाचतं, पैसे कटतात, आणि ज्याच्या नावानं टॅग आहे त्याच्या मोबाईलवर मेसेज जातो, कोणत्या टोलवर किती. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलला सक्तीचं आहे. आईनं पदर सावरला. बसल्या जागेवरून त्या स्टिकरकडे पाहत म्हणाली, “म्हंजे तो तिकडून पाहून राह्यला?”

“पाहत नाही आई. त्याले फक्त समजते.”

“एकच झालं.”

लोणारबद्दल फार लिहीत नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी नाही त्यांनी जावं. वरून पाहिलं तर कोणी काळ्या दगडात ताट दाबून काढल्यासारखं वाटतं, काठापासून काठापर्यंत पावणेदोन-एक किलोमीटर. उल्का आदळून झालेलं. २०२० च्या जूनमध्ये, लॉकडाऊनात, पाणी गुलाबी झालं होतं, ते आमच्या मोठीला पाठ आहे. पाणी कमी झालं, खारटपणा वाढला, आणि मिठात राहणारे बारीक जीव वाढले, त्यांचा रंग गुलाबी. पुण्याच्या आघारकर संस्थेनं शोधलं म्हणे. लहान्याला आता पाणी हिरवं दिसलं म्हणून तो रुसला होता. आई वरच, दैत्यसूदनाच्या देवळाच्या ओट्यावर बसली, आम्ही चौघं नंतर धारेकडे, म्हणजे तिथल्या झऱ्याकडे गेलो.

आता ती गोष्ट. धारेचं पाणी वाहून एक पायरी शेवाळली होती. मोठीनं दिवाळीचा नवा ड्रेस घातलेला, पिवळा. मी खालून व्हिडिओ काढत होतो, आपल्याला सवयच आहे. तिचा पाय सटकला. ती बसली, आणि बसल्या बसल्याच तीन पायऱ्या घसरत आली. एक चप्पल उडून झुडपात गेली. बाजूच्या दगडावर एक वानर बसलं होतं, त्यानं मान वळवून पाहिलं. लहाना पोट धरून हसायला लागला. तिला लागलं नव्हतं, पण ड्रेस मागून पुरता चिखलात गेला आणि डोळ्यात पाणी आलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मोबाईलकडे, आणि म्हणाली, “पप्पा, नका ना काढू.”

अकरा सेकंदांचा व्हिडिओ. वर रेंज आल्या आल्या मी तो स्टेटसला लावला. वर लिहिलं, ‘लोणारात दुसरा उल्कापात’, आणि हसून रडणारे तीन चेहरे. ओळ सुचली म्हणून मला माझाच अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू. शेवटचं तिचं ‘नका ना काढू’ त्या व्हिडिओत स्वच्छ ऐकू येत होतं. ते मी काढलं नाही, कारण मला ते ऐकूच आलं नव्हतं. कानाला आलं असेल.

इथं माझ्या मोबाईलबद्दल सांगायला पाहिजे. दुकानामुळे आसपासच्या पंधरा-वीस गावांतल्या लोकांचे नंबर माझ्याकडे आहेत आणि माझा त्यांच्याकडे. ‘विमा काका’, ‘जातपडताळणी’, ‘गॅसवाली मावशी’ अशा नावांनी सेव्ह केलेले. माझं स्टेटस म्हणजे बाजाराच्या दिवशी चावडीवर लावलेला कागद. हे मला समजायला नको होतं का? मीच तर तिथं ‘रेशन केवायसीची शेवटची तारीख’ टाकत असतो, लोकांनी पाहावं म्हणून.

लोणारहून मेहकरकडे परत येताना एका टपरीवर भजे घेतले. गरम, कांद्याचे, सोबत मिरच्या. पुडी होती ए-फोर कागदाची. तेल लागलं की कागद पारदर्शक होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मागच्या बाजूचं छापलेलंसुद्धा पुढून वाचता येतं, फक्त उलटं. मोठीला अशा गोष्टी दिसतात. तिनं शेवटचं भजं उचललं, कागद सरळ केला आणि वाचायला लागली. कोण्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची झेरॉक्स होती. शाईनं काळा पडलेला पोरीचा फोटो. नाव, गाव, जात, मोबाईल नंबर, बँकेचं खातं.

“वडिलांचं वार्षिक उत्पन्न...” एवढं मोठ्यानं वाचून ती थांबली. कागदाची घडी केली आणि टपरीच्या डब्यात न टाकता आपल्या बॅगेत ठेवली. बॅगेला तेल लागलं म्हणून आईची बोलणी खाल्ली.

मी च्या पीत उभा होतो, तो घशाखाली उतरेना. माझ्या दुकानात महिन्याला एक पोतं कागद निघतो. वाकडी आलेली झेरॉक्स, पुसट आलेली, एक मागितली तर दोन निघालेली. टेबलाखाली टोपलं आहे, भरलं की पोत्यात, पोतं भरलं की रद्दीवाल्याला. किलोवर पैसे मिळतात. माझ्या कागदांवर आजवर किती गावांनी भजे खाल्ले असतील, कोणास ठाऊक.

मेहकर सोडून खामगावच्या रस्त्याला लागलो आणि फोन सुरू झाले. पहिला एका शेतकऱ्याचा. “साहेब, लोणारले हाव वाटते, मजा करा. पण माही हमीभावाची नोंदणी राह्यली ना.” दुसरा शेजाऱ्याचा. घराला कुलूप आहे, समोरचा लाइट चालू ठेवला का, म्हणून. चांगल्या मनानं विचारलं त्यानं. पण घर दोन दिवस बंद आहे हे त्याच्यासोबत अजून कितीजणांना समजलं असेल, हा विचार मी तेव्हा कुठं केला. स्टेटस उघडून पाहिलं. ३१८ जणांनी पाहिलं होतं.

त्यानंतर दहा मिनिटांनी मागच्या सीटवर एकदम शांतता झाली. लहान्या पोरांच्या गाडीत शांतता झाली की बापानं आरशात पाहावं. मोठीच्या हातात तिच्या आईचा मोबाईल होता. शाळेचा ग्रुप त्याच मोबाईलवर आहे. वर्गातल्या कोण्या पोट्ट्यानं माझ्या स्टेटसवरून तिचा घसरतानाचा फोटो कापून स्टिकर केलं होतं. पाय वर, तोंड उघडं, खाली ‘उल्का’. माझाच शब्द. बाकीचे तेच स्टिकर एकमेकांना पाठवत होते, अभ्यासाच्या ग्रुपवर, ‘उद्याचा होमवर्क काय’ याच्या खाली.

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती काहीच बोलली नाही. मोबाईल आईच्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड केलं. बायकोनं पाहिलं, मग मला दाखवलं, मी गाडी बाजूला घेऊन स्टेटस काढून टाकलं. काढून काय उपयोग, ते तर कापून घेतलं होतं.

वातावरण हलकं करावं म्हणून मी लहान्याला वाघाची गोष्ट सांगायला लागलो. डावीकडे कुठंतरी ज्ञानगंगेचं जंगल होतं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा एक वाघ २०१९ च्या जूनमध्ये निघाला आणि डिसेंबरात इथं ज्ञानगंगेला पोचला. तेराशे किलोमीटरच्या वर चालला. मध्ये तेलंगणातही जाऊन आला. नाले, कपाशीचे वावरं, रस्ते ओलांडत, रात्रीचा चालत, दिवसा लपत.

“इतकं कसं समजलं?” लहाना म्हणाला.

“गळ्यात रेडिओ कॉलर होती ना. उपग्रहावरून समजे, कोणत्या वेळी कुठं आहे ते. पेपरात नकाशा आला होता त्याचा.”

“तो कायले चालत होता?”

“जागा शोधत असंल. बायको शोधत असंल.”

“आणि सगळ्यायले माहीत?” लहाना खूश झाला. मी म्हटलं, पण पुढच्या वर्षी ती कॉलर काढून टाकली त्याच्या गळ्यातली.

मागून मोठीचा आवाज आला, खिडकीकडेच तोंड करून. “त्याची तरी काढली.”

शेगावपर्यंत मग कोणी बोललं नाही. आई मधूनच चिवड्याच्या डब्याचं झाकण उघडे आणि लावे.

आम्ही एका लॉजवर उतरलो. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “सगळ्यायचे आधार या नंबरवर व्हॉट्सॲप करा.” त्याचा स्वतःचा नंबर, डीपीला त्याचाच फोटो, बुलेटवर बसलेला. मी सवयीनं मोबाईल काढला, आईचं आधार निवडलं, बायकोचं निवडलं, मोठीचं निवडलं, आणि हात थांबला. आयुष्यात पहिल्यांदा थांबला. हजारो आधार या हातानं इकडचे तिकडे केले आहेत. मास्क्ड आधार नावाची चीज असते, पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चार दिसणारे, यूआयडीएआयच्या साइटवरून फुकट निघते. मला हे माहीत आहे, मी त्या धंद्यातच आहे. पण गिऱ्हाइकानं मागितलं नाही आणि मी सांगितलं नाही. तिथं उभ्या उभ्या माझं एकट्याचं मास्क्ड काढलं आणि त्याचा कागद मागून घेतला, त्याच्यावर सही केली. तो म्हणाला, “चालते ना, काई बी चालते.” त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

रात्री झोप येईना. त्या पोट्ट्यांवर कोणतं कलम लागते ते पाहू, म्हणून मोबाईल उघडला. कलमं शोधायची मला सवय आहे. गावात तंटा झाला की दोन्ही पार्ट्या अर्ज टाइप करायला माझ्याकडेच येतात, एक सकाळी आणि एक संध्याकाळी.

शोधत शोधत २०१७ वर पोचलो. २४ ऑगस्ट. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कातच तो आहे. त्या नऊंत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते, पुढे सरन्यायाधीश झाले ते. केस कोणाची, तर कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांची. २०१२ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी ते आधारच्या विरोधात कोर्टात गेले होते. ज्या आधारवर माझ्या घरची चूल पेटते त्याच आधारवरून हे सगळं निघालं, आणि मला पत्ताच नव्हता.

त्या निकालात एक जुनी गोष्ट येते, ती मला फार आवडली. खरक सिंह नावाचा उत्तर प्रदेशातला माणूस. दरोड्याच्या केसमधून पुराव्याअभावी सुटला, तरी पोलिसांनी त्याच्या नावाचं रजिस्टर उघडलं आणि रात्री-बेरात्री दारावर थापा मारायला लागले, आहे का घरात म्हणून. तो कोर्टात गेला. १९६२ मध्ये कोर्टानं रात्रीच्या थापा बंद केल्या, पण खासगीपणाचा म्हणून काही हक्क संविधानात नाही असंही म्हटलं. ते दुरुस्त व्हायला पंचावन्न वर्षं लागली. खरक सिंहाला दारावरची थाप तरी ऐकू येत होती.

आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी पोरांबद्दल लिहून ठेवलंय. माणूस विसरतो, इंटरनेट विसरत नाही. म्हणून लहानपणीच्या भोळेपणाचं आणि चुकांचं ओझं पोरांच्या डोक्यावर जन्मभर राहू नये, असा त्याचा अर्थ. मोठी तिकडे भिंतीकडे तोंड करून झोपली होती, किंवा झोपल्यासारखं करत होती.

कलम सापडेल म्हणून अजून पुढे गेलो. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आला आहे, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि बऱ्याचशा तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होणार आहेत. त्यात अठरा वर्षांच्या आतला तो मुलगा, नाही तर मुलगी. त्यांची माहिती घ्यायची तर कंपनीनं आधी आईबापाची परवानगी घ्यायची, तीही खरी आहे का ते तपासून. पोरांवर नजर ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. मोडलं तर दोनशे कोटींपर्यंत दंड. वाचून छाती फुगली माझी. मग मागचं वाचलं. माणसानं वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी माहिती वापरली तर हा कायदा लागू नाही. ३१८ लोकांना दाखवलेलं घरगुती होतं का, ते वकील सांगतील. मला जे समजलं ते एवढंच, की पोरीच्या माहितीसाठी कंपनीनं बापाला विचारावं असं लिहिलंय. बापानं कोणाला विचारावं, हे लिहिलेलं नाही. ते लिहायची गरज पडेल असं कोणाला वाटलं नसेल.

बायको जागीच होती. “सापडलं का कलम?” म्हणाली.

“पाहून राह्यलो.”

“पहिले आरोपी तं तुम्हीच हा. झोपा आता.”

सकाळी दर्शन झालं. रांगेत मोबाईल खिशातून काढलाच नाही, आणि सेवेकऱ्यांची ती शिस्त पाहिली की तशीही हिंमत होत नाही. बाहेर कचोरी खाल्ली, तळलेल्या मिरचीसोबत. मोठीनं पहिली नाही म्हटली. मी तिच्या बाजूला जाऊन बसलो आणि म्हटलं, चुकलं माझं. मुख्याध्यापकांना फोन करतो, त्या पोट्ट्याच्या बापाला ओळखतो, त्याचं पीककर्जाचं... एवढ्यात तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथंच थांबलो. त्या बापाचं पीककर्जाचं काय ते मी तिला सांगायला निघालो होतो. भर कचोरीच्या दुकानात.

“तुम्ही कोणालेच फोन करू नका,” ती म्हणाली. “मी पाहतो.” आमच्याकडच्या पोरी ‘पाहतो’ म्हणतात. तिनं काय पाहिलं त्यातला एक भाग खोडला आहे. एवढं सांगायची परवानगी आहे, की ग्रुपवरून ते स्टिकर गेलं आणि त्या पोट्ट्यानं तिला सॉरी म्हटलं. कोणाकोणाच्या मोबाईलमध्ये अजून असेल ते त्यांचं त्यांना माहीत. मग तिनं कचोऱ्या दोन खाल्ल्या.

परत येताना समृद्धी नको म्हटलं, साळ्याला कशाला त्रास. अकोला, मूर्तिजापूर करत जुन्या रस्त्यानं निघालो. मूर्तिजापूर ते कारंजा म्हणजे शकुंतलेचा प्रदेश. यवतमाळहून मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूरहून अचलपूर अशी ती अरुंद रुळांची गाडी, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालत होती. आता बंदच आहे. रूळ कुठं गवतात दिसतात, कुठं दिसत नाहीत. आईचं माहेर दर्यापूरकडचं, तिचं सगळं येणंजाणं त्या गाडीनं. रूळ दिसले की ती हमखास बोलती होते.

“याच गाडीनं माह्या भावाचं पत्र ये,” ती म्हणाली. “मले तं वाचता ये नाई.”

“मग बाबा वाचत का?” मोठीनं विचारलं. सकाळपासूनचा तिचा पहिला मोठा प्रश्न.

“तुह्या आजोबाले वाचता ये, पण सासू बाजूलेच बसे ना. आणि आपल्या गावचे गुरुजी, ते ओट्यावर बसून मोठ्यानं वाचत. अर्धं गाव आयके. एक डाव भावानं लिहिलं, का वावर गहाण टाकलं. माह्या माहेरची ती गोष्ट, ते कायले यायले समजाव? मंग मी पत्र येलं का लुगड्यात खोसो आणि शेण्या विकाले जातो म्हणून बाजूच्या गावात जाओ. तिथले गुरुजी वाचून देत. त्यायले मी कोण, माहा भाऊ कोण, काई घेणंदेणं नाई. वाचलं, घडी केली, परत देलं. च्या बी नाई घेत.”

“किती दूर होतं ते गाव?” मोठी.

“असंल दीड कोस. पावसात नाला लागे मंदात.”

आई पुन्हा रुळांकडे पाहायला लागली. मी गाडी चालवत होतो, आणि माझ्या डोक्यात काहीतरी सटकन बसलं. माझ्या दुकानात शेजारच्या दोन-तीन गावांतल्या बाया येतात. त्यांच्या गावात त्यांचं स्वतःचं केंद्र आहे, माझ्याच दरानं काम होतं, एकाकडे तर माझ्यापेक्षा चांगला प्रिंटर आहे. तरी त्या माझ्याकडे येतात, ऑटोचे वीस-तीस रुपये घालून, उन्हात. कोणी खात्यात किती आले ते पाहायला, कोणी पोटगीच्या अर्जासाठी, कोणी दवाखान्याचा रिपोर्ट प्रिंट करायला. मी दहा वर्षं समजत होतो की माझी सर्व्हिस चांगली आहे. ‘आपलं नाव आहे तालुक्यात’ असं बायकोला सांगत होतो.

आणि माझ्या गावच्या बाया कुठं जातात, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. बाहेर लाइन. नोंदणीवाला शेतकरी पहिला, त्यानं लोणारचं विचारलं, मी म्हटलं छान आहे. दुपारी शेजारच्या गावची एक मावशी आली, निराधारच्या फायलीसाठी. ती नेहमी येते. आधारची झेरॉक्स टाकली, मशीननं कागद ओढला आणि वाकडी काढली, अर्धा फोटो बाहेर. दुसरी टाकली, ती बरी आली. वाकडी मी सवयीनं टोपल्याकडे नेली.

“ते द्या ना भाऊ इकडं,” ती म्हणाली. “चुलीले होते.”

ती दर वेळी हेच म्हणते. दर वेळी मी मनात हसायचो, रुपयाभराचा कागद न सोडणारी चिकट बाई म्हणून. तिच्या गॅसची केवायसी गेल्या वर्षी मीच केली होती.

तिनं कागद घेतला, चार घड्या केल्या, बटव्यात घातला, बटव्याची नाडी ओढली आणि कमरेला खोसला. मी टोपलं टेबलाखालून ओढलं. दिवाळीच्या आधी ती आली होती तेव्हाची एक पुसट झेरॉक्स त्यात तळाशी असायला पाहिजे होती. तिला म्हटलं, मावशी, जरा थांबा, अजून एक आहे तुमची.